वाळक्या मोहावरचं ऊन

आमच्या हिवरखेडात लोक सकाळी उठून चहाच्या टपरीवर जातात; चंद्रभानभाऊ गायरानात जायचे, गिधाडं पाहायला. माणसाला नाद असावा, पण असा? गावानं त्यांना ‘गिधाडाचा मामा’ करून टाकलं. मीही हसायचो. एकदा त्यांनी मला सोबत नेलं, मग हसणं बंद झालं.

गायरानातल्या वाळक्या मोहाच्या झाडावर चार गिधाडं होती. ऊन वर आलं तशी त्यांनी सूर्याकडे पाठ केली आणि भलेमोठे पंख उघडून धरले. हलेनात. “वलनीवर गोधडी वाळू घातल्यावानी,” भाऊ कुजबुजले. “रातची थंडी निघाली का उडतीन.” पूर्वी म्हणे झाड भरायचं. आता लोक मेलेली ढोरं पुरतात, ही चारही उपाशी निघून जातील, याची भाऊंना धास्ती.

यंदा त्यांचा म्हातारा बैल मोरक्या बसला तो उठेचना. त्याचं कण्हणं भाऊंना सोसेना. दुकानातून दुखण्याची इंजेक्शनं आणून ते टोचत राहिले. शेवटी मोरक्या गेला. पोळ्याला पुजलेला बैल वावरात मीठ घालून पुरायचा, ही त्यांच्या घरची रीत. त्यांच्या बायकोनं, मैनाबाईंनी, मीठ काढूनही ठेवलं होतं.

“त्याले गायरानात नेतो,” भाऊ म्हणाले. “थे पाखरं उपाशी हायेत.”

“लेकरावानी वाढवला मी त्याले! गिधाडाईले देता?” मैनाबाई ढसाढसा रडल्या. मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहून म्हणाल्या, “न्या. पण मले नोका दाखवू.”

पाखरं पोटभर जेवली. भाऊ दिवसभर खुशीत होते. त्यापुढच्या सकाळी आम्ही दोघं गेलो. ऊन मोहावर आलं, पण पंख उघडेनात. चारही माना खाली लोंबत होत्या. “उघडा ना बापा,” भाऊ म्हणत राहिले. दुपारपर्यंत चारही खाली पडली.

वनरक्षक आला. “ढोराले दुखण्याचं इंजेक्शन देल्लं होतं काय? थे मांसात राह्यते. गिधाडाले जहर हाये. उरलेलं आजच पुरून टाका.”  मला भाऊंकडे पाहवेना.

संध्याकाळी मैनाबाई स्वतःच मीठ घेऊन गायरानात आल्या. भाऊ खड्डा खणत होते.

“तुमी त सगळ्याईचं भलंच करून राहिले होते,” त्या म्हणाल्या.

“म्हणूनच मेले ना,” भाऊ म्हणाले, आणि मिठासाठी हात पुढे केला.