रिक्वेस्ट, बेग आणि हमीदसाहेब

तहसील कचेरीत एवढी वर्षं काढली, पण फायलींतलं आता काही आठवत नाही. किस्से मात्र सगळे आठवतात! एक सांगायला घेतला की त्याच्यामागं दुसरा उभाच. आमच्या धाराशिवच्या कचेरीतले निम्मे किस्से तर एकाच क्रियापदाचे. मागणे! तेही इंग्रजीतून.

निजामी गेली आणि कारभार उर्दूतून इंग्रजीत आला. मी जळकोटचा. सोलापुरात मॅट्रिक झालो होतो, म्हणून मला चिकटवून घेतलं. माझे हेडक्लार्क हमीदसाहेब. उर्दू असं लिहायचे की वाचणाऱ्यानं मान डोलवावी. इंग्रजीची मात्र एबीसीडीपासून सुरुवात! वरून हुकूम होता, इंग्रजीची परीक्षा पास व्हा, नाही तर घरी बसा. दोनदा नापास झाले होते. तिसरी खेप शेवटची, आणि घरात खाणारी आठ तोंडं.

म्हणून आमचं ठरलं. मी त्यांना इंग्रजी शिकवायचं, त्यांनी मला कचेरी.

*

माझं पहिलं पत्र कलेक्टरसाहेबांना. दोन कपाटं हवी होती. मी ऐटीत लिहिलं, 'आय वाँट टू कपाट्स.'

हमीदसाहेबांनी बोट ठेवलं. "हे वाँट म्हंजे काय?"

"पाहिजे, साहेब."

"पाहिजे? कलेक्टरला? अरे बाबा, हॉटेलात भजी मागायलास का?"

मग त्यांनी उर्दूत मागण्याचे जेवढे शब्द होते तेवढे सांगितले आणि मी डिक्शनरी घेऊन बसलो. अर्ज म्हणजे रिक्वेस्ट. इल्तिजा, म्हणजे विनवणी, ती बेसीच. मिन्नत, म्हणजे गयावया, ती इम्प्लोर. कोर्टात प्रे. भीक मागायची तर बेग. ही यादी आम्ही फायलीच्या पुठ्ठ्यावर चिकटवली. इंग्रजी मला येत होतं, पण कुणापुढं किती वाकायचं ते त्यांनी शिकवलं. माझी नोकरी टिकली ती त्या पुठ्ठ्यावर.

*

शिकलेलं अंगात लई भिनलं! बेंबळीच्या हेडमास्तरांकडून शाळेतल्या बाकांची यादी हवी होती. मी लिहिलं, 'आय मोस्ट हम्बली बेग अँड प्रे...' खाली तहसीलदारांची सही. त्यांनी न वाचताच केली.

आठ दिवसांत यादी आली. सोबत एक ओळ, 'युवर प्रेअर इज ग्रँटेड.'

हमीदसाहेबांनी अर्थ विचारला. मी घाबरत सांगितला, "तुमची प्रार्थना मंजूर झाली."

ते हसून हसून लाल झाले. "एका कागदात हेडमास्तरला बादशाह केलास रे!"

तहसीलदारांनी मला आत बोलावलं, तेव्हा माझ्याआधी हमीदसाहेबच आत गेले. "ड्राफ्ट माझ्या हाताखालून गेलाय, हुजूर. चूक माझी." मी दाराशी उभा राहून ऐकत होतो. कचेरीत असं कुणी कुणासाठी म्हणत नाही, हो!

*

एकदा एक म्हातारबा आले. गावच्या विहिरीचा कठडा पडला होता. मी पेन सरसावलं. हमीदसाहेबांनी विचारलं, "याच्याआधी किती खेपा झाल्या?"

"तीन."

"मग रिक्वेस्ट संपली. इम्प्लोर लिव."

म्हातारबांनी पुठ्ठ्यावरची यादी बघितली. हे काय म्हणून विचारलं. मी समजावून सांगितलं.

"एवढे शबुद?" ते म्हणाले. "आमी तर देवाला बी एकदाच सांगतो. कठडा न्हाय, लेकरं पडतील. ह्येला इंग्रजीत काय म्हंत्यात?"

हमीदसाहेबांनी माझ्या हातातला कागद काढून घेतला आणि म्हातारबांना धरून सरळ तहसीलदारांपुढं नेलं. कठडा त्याच महिन्यात झाला.

*

जेवायला मी हमीदसाहेबांच्याच घरी. मी मटण खात नाही म्हणून भाभी माझी भाजी वेगळ्या पातेल्यात करायच्या. परीक्षा जवळ आली तसे हमीदसाहेब ताटावरही सराव करायला लागले.

"आय बेसीच यू, एक रोटी."

भाभी तव्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "पोराला बघा. त्यानं मागायच्या आधी मी वाढते. तुम्हीच कशाला एवढं मागताव?"

खरंच होतं. दोन वर्षांत त्या घरात मला एकदाही मागावं लागलं नाही. आज घास तोंडात घालताना त्या बाईची आठवण होते, आणि होऊ दे.

*

आणि मग ती तिसरी परीक्षा. लेखी कशीबशी निभली. तोंडी घ्यायला बाहेरचे एक तरुण साहेब आले होते. फायली द्यायला मी आतच होतो. हमीदसाहेब टेबलापुढं उभे. शेरवानीची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. कपाळावर घाम.

साहेबांनी पुस्तकातून एकामागून एक विचारलं. एकाचंही धड उत्तर येईना. साहेबांनी घड्याळ बघितलं.

"बरं, शेवटचं. मराठीत सांगितलं तरी चालेल," साहेब म्हणाले. "रिक्वेस्ट आणि बेग. फरक काय?"

हमीदसाहेबांनी मान वर केली.

"हुजूर, समोरचा बसायला सांगतो, तेव्हा माणूस रिक्वेस्ट करतो. उभं ठेवतो, तेव्हा बेग."

साहेबांचे कान लाल झाले. ते उठले, टेबलाला वळसा घालून आले आणि भिंतीजवळची खुर्ची स्वतः ओढून पुढं ठेवली.

"बसा, हमीदसाहेब."

हमीदसाहेब बसले. रुमालानं कपाळ पुसलं. शेरवानी नीट केली.

"नाऊ, सर," ते म्हणाले, "आय रिक्वेस्ट."