कार्डात अडकलेला फोटो

लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये मी प्रश्नपत्रिका टाइप करायच्या कामाला होतो, तेव्हाची ही गोष्ट. बी.एस्सी. नुकताच झालो होतो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. पण ती पदवी निम्मी तरी माझ्या आत्याची आहे, असं मी आजही मानतो. अकरावी-बारावीची दोन वर्षं तिनं रोज सकाळच्या एसटीनं माझ्यासाठी डबा पाठवला. लातूरच्या स्टँडवर गावोगावच्या डब्यांचा ढीग उतरायचा आणि त्यातून आपापला ओळखून घ्यायचा. आत्याच्या डब्याला निळ्या लुगड्याची चिंधी बांधलेली असायची.

आत्याचं गाव औशाच्या पुढं. भूकंपात तिचे यजमान आणि सात वर्षांची मुलगी गेली. आजोबा आजारी होते म्हणून आत्या तेव्हा आमच्या घरी आली होती, त्यामुळं वाचली. नंतर ढिगाऱ्यातून एक पत्र्याची पेटी निघाली आणि पेटीत एकच फोटो. जत्रेत काढलेला. आत्याचे यजमान, म्हणजे आमचे मामा, खुर्चीवर बसलेले, मांडीला टेकून मुलगी उभी. आत्या त्यात नाही, कारण ती बाजूला पिशव्या सांभाळत उभी होती. फ्रेम करून तो फोटो तिनं नव्या गावठाणातल्या घरात लावला होता. दर पावसाळ्यात त्यावर एखादा डाग वाढायचा.

"ह्याचा मोठा काढून दे लेकरा," ती म्हणायची, पण फोटो घराबाहेर न्यायला द्यायची नाही.

त्या दिवाळीत क्लासच्या सरांनी मला नवा डिजिटल कॅमेरा दोन दिवसांसाठी दिला. निकालाच्या बॅनरसाठी मुलांचे फोटो काढायला तो आणला होता. मी आत्याकडे गेलो, फ्रेम खाली उतरवली, एक फोटो काढला. काचेत काहीतरी सावली पडत होती. म्हटलं, काच काढून स्वच्छ काढू. तिथंच चुकलो. इतक्या वर्षांच्या ओलीनं फोटो काचेला चिकटला होता. मी हळूच ओढला, तर कागद माझ्या हातात आला आणि दोघांचे चेहरे काचेवरच राहिले, तेही चिरफाळून.

आत्यानं ती काच उचलून कोनाड्यात ठेवली. मग म्हणाली, "मशीनमधी आलाय का पर त्यो?"

"आलाय."

"मग बास. जेव आता."

मी ताट तसंच ठेवलं. कॅमेऱ्यासकट मी दुपारच्या एसटीनं परत निघालो.

क्लासच्या खाली एक झेरॉक्स आणि फोटो प्रिंटचं दुकान होतं. मालक साठीचे, आम्ही सगळे त्यांना अप्पा म्हणायचो. त्यांचं मुख्य काम प्रवेशाचे फॉर्म भरून देण्याचं. मी कॅमेऱ्यातलं कार्ड काढून त्यांना दिलं. अप्पांनी ते कॉम्प्युटरला जोडलेल्या कार्ड-रीडरमध्ये घातलं. कॉम्प्युटर जरा वेळ घुमला आणि पडद्यावर एक चौकट आली. त्यात इंग्रजीत लिहिलं होतं, डिस्क फॉर्मॅट केलेली नाही, आता फॉर्मॅट करायची का?

"काय म्हणायलंय?" अप्पांनी चष्मा वर केला.

"फॉर्मॅट करू का, विचारतंय."

"मग हाव म्हणा की सर! फॉर्मॅटमधी नसलं की सगळंच वापस येतंय."

मलाही ते अगदी बरोबर वाटलं. आमच्या लेखी फॉर्मॅट म्हणजे ठरवून दिलेला नमुना. जातीचा दाखला फॉर्मॅटमध्ये नाही म्हणून माझाच अर्ज दोनदा परत आलेला. मी रोज प्रश्नपत्रिका फॉर्मॅटमध्ये बसवत होतो. फोटोही बसवायचा असेल. मी होकाराचं बटण दाबलं. दुसरी चौकट आली. तिथंही पुढचं बटण दाबलं. मग तिसरी आली, पिवळ्या त्रिकोणाची, आणि तिच्यात 'इरेझ' हा शब्द होता.

आम्हाला इंग्रजी पाचवीपासून. पण इरेझर म्हणजे खोडरबर, हे पाचवीतच पाठ झालेलं. माझा हात माउसवरून चटका बसल्यासारखा उचलला गेला.

"अप्पा, हे खोडायलंय!"

"कुणाला?"

"सगळ्यालाच!"

अप्पांनीच पुढं वाकून रद्दचं बटण दाबलं आणि कार्ड बाहेर ओढलं. मी ते कॅमेऱ्यात घातलं. कॅमेऱ्याच्या चिमुकल्या पडद्यावर मामा आणि मुलगी तशीच होती. मी तिथल्या स्टुलावर बसून घेतलं.

"सर, चुकीच्या उत्तराला तुम्ही मार्क कापताव," अप्पा म्हणाले. "माझे किती कापले?"

"माझेही कापा. बटण मीच दाबलं."

मग आम्ही सावकाश कामाला लागलो. प्रॅक्टिकलला शिकवलं होतं की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कार्ड रुमालानं पुसलं, वाचेना. रीडरची वायर दुसऱ्या ठिकाणी लावली, तरी तेच. प्रत्येक वेळी ती फॉर्मॅटची चौकट यायची आणि दोघंही एकदम "नको!" म्हणायचो. शेवटी अप्पांनी स्वतःचं जुनं कार्ड घातलं, तर ते लगेच उघडलं. म्हणजे रीडर चांगला होता आणि कार्डही चांगलं होतं. त्यांचं एकमेकांशी जमत नव्हतं. दोन्ही कार्डं शेजारी ठेवून पाहिली. आमच्या कार्डावर दोन अक्षरं जास्त होती. नव्या जातीचं, जास्त क्षमतेचं कार्ड. जुन्या रीडरला त्याची ओळखच नव्हती.

"मग त्याला वाचायला कोण येतंय?" अप्पांनी विचारलं.

कॅमेऱ्याला येत होतं. मी जिना चढून क्लासमध्ये गेलो. कॅमेऱ्याच्या खोक्यात प्लास्टिकच्या पिशवीत एक वायर होती, अजून न उघडलेली. कार्ड कॅमेऱ्यातच ठेवून कॅमेरा सरळ कॉम्प्युटरला जोडला. टुण्ण असा आवाज आला आणि फोल्डर उघडलं. त्यात तो फोटो होता. अप्पांनी आधी त्याच्या दोन सीडी केल्या, मग प्रिंट काढली.

मोठ्या प्रिंटमध्ये काचेतली ती सावली नीट दिसत होती. उजव्या कोपऱ्यात, मुलीच्या खांद्याशी, निळ्या पदराचा एक तुकडा आणि कोपर.

"हे पुसून देऊ का? येतंय मला," अप्पा म्हणाले.

"आत्याला विचारतो आधी," मी म्हटलं. पुसण्याची मी धास्तीच घेतली होती.

पुढच्या रविवारी आत्यानं प्रिंट दोन्ही हातांत धरून उजेडात नेली. बराच वेळ पाहिली.

"ह्यो पदर कुणाचा?"

"तुझाच. काचेत पडला होता. पुसता येतोय, म्हणलीस तर."

तिनं कोपऱ्यावरून बोट फिरवलं. "ऱ्हाऊ दे," म्हणाली. मग डोळे पुसून माझ्याकडं वळली. "आता तरी जेवशील का न्हाई?"

मी चार भाकरी खाल्ल्या.