भिकुबाई शेवटी काय म्हणाली

पहूरच्या माणसावर जळगावच्या मोठ्या दवाखान्यात जायची पाळी आली, की तो आधी देवाचं नाव घेतो की सुकदेव पास्टरचं, हे सांगणं अवघड आहे. देव काही केसपेपरच्या रांगेत उभा राहत नाही, पास्टर राहतो. गेली एकोणीस वर्षं दर मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या एसटीनं तो कुणा ना कुणाला घेऊन जळगाव गाठतो. खांद्याला पिशवी, तीत एक चादर, थर्मास, आणि पेशंटच्या आधार कार्डाच्या चार झेरॉक्स. कुठल्या खिडकीवर कागद मिळतो, एक्स-रे कुठे निघतो, कुठल्या वॉर्डातल्या मावशी गोड बोलल्याशिवाय ऐकत नाहीत, हे सगळं त्याला तोंडपाठ.

रविवारी त्याच्या पत्र्याच्या चर्चमध्ये अकरा घरांची मंडळी जमते. त्यातले दोघे-तिघे उपदेश सुरू झाला की डुलक्या काढतात. बाकी सहा दिवस मात्र अख्खं गाव त्याचं असतं. वर्षाच्या शेवटी चर्चच्या वरच्या कचेरीतून एक फॉर्म येतो. त्यात विचारलेलं असतं, यंदा मंडळीत किती नवीन कुटुंबं आली. पास्टर तिथे सुवाच्य अक्षरात शून्य लिहितो आणि खाली किती पेशंट दवाखान्यात नेले ते लिहितो, जे कुणी विचारलेलंच नसतं. वरची माणसं भली आहेत, ती वाचून सुस्कारा टाकतात आणि फाइल बंद करतात.

या कामात आणखी एक काम त्याच्या गळ्यात पडलं. कधी कधी पेशंट दगावायचा, आणि तेव्हा घरचं कुणी जवळ नसायचं, पास्टरच असायचा. मग गावी परतल्यावर घरचे एकच विचारायचे, जाताना काय बोलले? सुरुवातीला एकदोनदा त्यानं खरं सांगून पाहिलं. पण माणसं जाताना कुठे शहाण्यासारखी जातात? कुणी बिडी मागतं, कुणी पोटच्या पोराला शिव्या घालतं, कुणी नुसतंच आ करून पडलेलं असतं. ते ऐकून बायका आणखीच ऊर बडवायच्या. तेव्हा पास्टरनं एक वाक्य तयार केलं. "शांतपणे गेले. तुमचं नाव घेतलं आणि डोळे मिटले." बस्स, एवढंच. हे वाक्य ज्याला मिळालं तो रडायचा, पण रात्री झोपायचा.

किराणा दुकानवाल्या माणकशेठची आई धनकुंवरबाई गेली तेव्हा पास्टरनं त्यात "हात जोडलेले होते" एवढं आपल्या पदरचं घातलं. खरी गोष्ट अशी होती, की तो खाली थर्मास भरायला गेला होता आणि परत आला तेव्हा म्हातारी गेलेली होती. माणकशेठ मात्र गेली नऊ वर्षं साखर तोलता तोलता गिऱ्हाइकांना आईच्या जोडलेल्या हातांबद्दल सांगतो. चहापत्ती घ्यायला आलेला पास्टर मान खाली घालून ऐकतो. पाळकानं खोटं बोलू नये हे काय त्याला कळत नव्हतं? प्रार्थनेत तो माफी मागायचा, आणि पुढच्या खेपेला पुन्हा तेच बोलायचा.

मग त्याची बायको गेली. त्याला तीन वर्षं झाली.

कापूस वेचणीचे दिवस होते, शुक्रवार होता. तोताराम नावाच्या एका मजुराच्या पायाचं प्लास्टर कापायचं होतं, म्हणून पास्टर त्याला घेऊन जळगावला गेला होता. परतीच्या बसमध्ये, नेरी मागे पडल्यावर, शेजारच्या सुनंदाबाईचा फोन आला. भिकुबाई गेली होती. सकाळी तिनंच त्याला डबा भरून दिला होता.

सुनंदाबाई आणि तिचा नवरा बन्सीलाल, ज्याला पास्टर आबा म्हणायचा, यांचं घर पास्टरच्या घराला लागून, मध्ये फक्त तुराट्यांचं कुंपण. केळी आणि कापूस करणारं बऱ्यापैकी घर, शेतावर चंदन नावाचा गडी. त्या सकाळी भिकुबाईजवळ एकटी सुनंदाबाईच होती. अंगण माणसांनी भरलेलं होतं. पास्टर आत आला, बायकोच्या उशाशी बसला, आणि आजवर ज्या प्रश्नाला त्यानं शंभरदा उत्तर दिलं असेल तो त्यानं स्वतः विचारला.

"अक्का, जाताना काही बोलली का ती?"

सुनंदाबाईनं डोळ्याला पदर लावला. "शांतपने गेली, पास्टरभाऊ. तुमचं नाव घेतलं अन् डोये मिटले."

पास्टर तिच्याकडे बघतच राहिला. त्याचंच वाक्य होतं ते. एक शब्द इकडचा तिकडे झालेला नव्हता. संध्याकाळी माणकशेठ आला, त्यानंही खांद्यावर हात ठेवून तेच ऐकवलं. पुढचे आठ दिवस जो येईल तो तेच. अख्ख्या गावाला त्यानंच ते शिकवून ठेवलं होतं, आणि आता सगळं गाव मोठ्या मायेनं त्याचं त्याला परत करत होतं. तक्रार कुणाकडे करणार?

बरं, लोक आणखी एक म्हणाले. म्हणाले, पास्टरीणबाई देवमाणूस, कधी कुणाला वाकडा शब्द बोलली नाही. हेही धादांत खोटं. भिकुबाईच्या जिभेला चांगली धार होती, फक्त ती नवऱ्यासाठी राखून ठेवलेली होती. दोघं मूळची धुळ्याकडची, नरडाण्याजवळची. त्यांची बोली अहिराणी. पहूरकडची बोली वेगळी, त्यामुळे मंडळीतली माणसं घरात बसलेली असली तरी ती स्वयंपाकघरातून खुशाल अहिराणीत नवऱ्याची खरडपट्टी काढायची, आणि बाहेर बसलेल्यांना वाटायचं, बाई चहाचं विचारतेय. तो पण कमी नव्हता. "हा, हा, आणतो," असं मराठीत म्हणून वेळ मारून न्यायचा.

आता घरात ती बोली उरली नव्हती. मुलगी सुरतेला दिलेली, तिच्याशी फोनवर बोलणं व्हायचं ते नातवंडांच्या परीक्षांचं. मागच्या वर्षी पुतणीच्या लग्नाला पास्टर नरडाण्याला गेला. लग्न लागलं, जेवणं झाली. परतीच्या गाडीला तास होता. स्टेशनवर दोन बायका बोचकी ठेवून अहिराणीत भांडत होत्या. पास्टर त्यांच्या मागच्या बाकावर बसला आणि डोळे मिटून ऐकत राहिला. गाडी आली आणि गेली. तो पुढच्या गाडीनं निघाला.

त्याला तिची फार आठवण यायची, हे तर झालंच. पण आठवणीपेक्षाही एक गोष्ट त्याला आतून कुरतडायची. ती शेवटी काय बोलली? तिनं हाका मारल्या असतील आणि तो नव्हता, असं असेल तर तेही ऐकायची त्याची तयारी होती. शिव्या दिल्या असतील तर शिव्या. काहीच बोलली नसेल तर तसं. पण जे काय असेल ते तिचं असावं, त्यानं बनवलेलं नसावं. सुनंदाबाईला त्यानं आणखी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तेच उत्तर आलं, आणि दोन्ही वेळा तिला एकदम गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. पास्टर काही दूधखुळा नव्हता. ही बाई काहीतरी लपवतेय हे त्याला कळत होतं. पण लपवणाऱ्याला बोलतं कसं करायचं, हे त्याला ठाऊक नव्हतं. एकोणीस वर्षं तो लपवणाऱ्यांच्याच बाजूला होता.

यंदाच्या उन्हाळ्यात बन्सीलालच्या छातीत दुखायला लागलं. पास्टरनंच त्याला जळगावला नेलं. पाच दिवस सुनंदाबाई नवऱ्याच्या कॉटखाली चटई टाकून राहिली. सहाव्या दिवशी पास्टर म्हणाला, "अक्का, घरी जाऊन आंघोळ करा, दोन घास खा, मी बसतो." ती सकाळच्या बसनं निघाली. दहा वाजता बन्सीलाल गेला.

तिसऱ्या दिवसापर्यंत सुनंदाबाईच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. माणसं दारावर येत होती, बसत होती, जात होती. ती भिंतीला टेकून सगळ्यांकडे परक्यासारखी बघत होती. दुपारी गर्दी जरा पांगली तेव्हा तिनं पास्टरला मागच्या पडवीत बोलावलं. तिथे ठिबकच्या जुन्या नळ्यांची भेंडोळी पडलेली होती.

"पास्टरभाऊ, मले सांगा. जातानी काय बोलले ते?"

पास्टरच्या जिभेवर ते वाक्य आपोआप आलं, इतक्या वर्षांची सवय. "शांतपणे..." एवढं तो बोललाही. पण तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पुढचं बोलवेना. ती ज्या नजरेनं बघत होती त्या नजरेनं तो स्वतः तीन वर्षं हिंडला होता. आता खरं सांगितलं आणि बाई कोसळली तर? तिला सावरणार कोण? आणि गाव काय म्हणेल? तरी त्यानं खाली बघत सगळं सांगून टाकलं.

"आबा उठून बसले. चहा पाहिजे म्हणाले. दोन घोट घेतले आणि मला म्हणाले, हा चहा आहे का भांडे धुतेल पानी? मग म्हणाले, चंदननं ठिबकचा कॉक बंद केला का? नाही तर रोपं सडतीन म्हना त्याले. मी म्हटलं, केला असेल. तर म्हणाले, तुले काय समजते शेतीतलं? आणि कुशीवर वळले. मला वाटलं, रागावून झोपले. तुमचं नाव नाही घेतलं, अक्का. देवाचंही नाही."

सुनंदाबाईनं पदर तोंडात धरला. पास्टरला वाटलं, झालं आता. पण ती हसत होती. हसता हसताच तिला रडू फुटलं, आणि तीन दिवसांचं सगळं एकदम बाहेर आलं. ती बराच वेळ रडली.

"असाच व्हता तो मानूस," ती नाक पुसत म्हणाली. "जलमभर मह्या चहाले बी तेच म्हने. मले वाटलं, तुमी बी तेच सांगसान, शांतपने गेले म्हून. तं मी काय धरून बसली असती?"

मग तिनं दाराकडे पाहिलं, कुणी नाही याची खात्री करून घेतली, आणि हळूच म्हणाली, "मी तुमाले खोटं सांगतलं व्हतं. भिकुबाईचं."

पास्टर नळ्यांच्या भेंडोळ्यावर खाली बसला.

"सकायी तिच्या छातीत कय आली. मी म्हनलं, भाऊले फोन लावते. तं तिनं मोबाइल हिसकला मह्या हातातला." सुनंदाबाई थांबली. वीस वर्षांच्या शेजारानं भिकुबाईची बोली तिच्या कानात पक्की बसली होती, ती तशीच्या तशी तिच्या तोंडून आली. "म्हने, 'त्याले फोन नको करू. तोतारामनं प्लास्टर अर्धं सोडीसन पयत ई तो. आन आज चष्मा बी घरमाच इसरी गया. बठ्ठा गावना कागद वाचाले निंघस, आन सोतानं घर दिसस नही त्याले. ऊ दे घर, मंग दखस मी त्याले.' असं बोलली, तणतणत बोलली, अन् गादीवर टेकली. मले वाटलं, पडू द्या जराशी. मी चूल पाह्याले गेली. आली तं..."

तिनं मान खाली घातली. "मी तिचं आयकलं. फोन लावला नाही. मंग कोन्या तोंडानं सांगू तुमाले? म्हून तुमचंच वाक्य तुमाले देल्लं."

"लावला असता तरी मी पोचलो नसतो, अक्का," पास्टर म्हणाला. तो हे समजुतीचं बोलत नव्हता. जळगाव ते पहूर बसला किती वेळ लागतो हे त्याच्याइतकं कुणाला माहीत असणार?

पण त्याचं लक्ष तिथे नव्हतंच. त्या दिवशी प्लास्टरच्या खोलीबाहेर त्यानं एका अनोळखी पोरीकडून कागदावरचा नंबर वाचून घेतला होता. खिसे चाचपले, पिशवी उलटी केली, चष्मा नव्हता. ही गोष्ट त्यानं गावात कुणालाही सांगितलेली नव्हती. सांगण्यासारखी होतीच कुठे? म्हणजे ती खरंच बोलली होती. अर्धं काम टाकून पळत येईल, सगळ्या गावाचे कागद वाचायला निघतो आणि स्वतःचं घर दिसत नाही, घरी येऊ दे, मग बघते मी त्याला, असं म्हणून त्याची वाट बघत टेकली होती. तो रडतोय हे त्याला हनुवटी ओली झाल्यावर कळलं.

"परत सांगा ना, अक्का. चष्म्याचं."

तिनं परत सांगितलं. त्याच ठसक्यात, तशीच मान उडवून. तो ओठ हलवत ऐकत राहिला. पुढच्या ओट्यावरून कुणीतरी हाक मारली, पास्टरभाऊ, उद्या मंगळवार, जळगाव आहे ना? पास्टरनं ओ दिली नाही.

"आणखी एकदा," तो म्हणाला. मग जरा अडखळला, आणि नापास झालेलं पोर विचारतं तसं त्यानं विचारलं, "खरंच रागावली होती ना ती?"

"लय रागावली व्हती, भाऊ," सुनंदाबाई म्हणाली.