आईचा उजवा डोळा

सणसवाडीच्या एका कंपनीत मी पार्ट तपासायचं काम करत होते आणि शिक्रापुरात मैत्रिणीबरोबर खोली घेऊन राहत होते, तेव्हाची गोष्ट. हौसेनं छोटा डिजिटल कॅमेरा घेतला होता, पण फोटो काही मनासारखे येईनात. हायवेलगतच्या सायबर कॅफेत एक दिवस मला फोटोग्राफीचा ऑनलाइन क्लास सापडला. दर आठवड्याला एक धडा यायचा. आपण फोटो पाठवायचा आणि मॅडम त्यावर लिहून कळवायच्या. त्यांना मी कधी पाहिलं नाही. धडे इंग्रजीत असायचे, म्हणून डिक्शनरी घेऊन बसायचे. एक फोटो चढायला इतका वेळ लागायचा, की तोवर पुढचा धडा वहीत उतरवून व्हायचा.

कंपनीतल्या लोकांच्या माझ्या पहिल्या फोटोवर मॅडमनी लिहिलं, की सगळे कवायतीला उभे असल्यासारखे दिसतात आणि उन्हानं डोळे मिटलेत. मला राग आला. मग फोटो पुन्हा पाहिला. त्यांचं खरं होतं.

चौथा धडा दारातून येणाऱ्या उजेडाचा होता. घरातल्या कुणाचा तरी चेहरा काढायचा होता. रविवारी मी कासुर्डीला आईकडं गेले.

लहानपणी मेंढरांमागं हिंडताना आईच्या उजव्या डोळ्यात बाभळीचा काटा गेला होता. तो डोळा पांढरा पडला. लग्नकार्यात फोटोवाला आला, की ती चुलीपाशी निघून जायची. तिचा धड असा एकही फोटो आमच्याकडं नव्हता. मी विचारलं तर म्हणाली, शेरडाचा काढ. मी सांगितलं, अभ्यास आहे, मार्क जातील. मार्क वगैरे काही नव्हते, पण अभ्यासाचं नाव काढलं की ती कशालाही तयार व्हायची.

तिला दाराशी अशी बसवली, की उजेड डाव्या गालावर पडेल आणि उजवी बाजू अंधारात जाईल. फोटो छान आला. मला माझ्याच हुशारीचं कौतुक वाटलं.

मॅडमचं उत्तर आलं. उजेड चांगला पकडलाय, पण निम्मा चेहरा काळा का? त्यांनी सहजच विचारलं होतं. मी मात्र कॅफेतल्या खुर्चीत तशीच बसून राहिले. आईनं जन्मभर जे लपवलं, तेच मीही नीटनेटकं लपवून दिलं होतं.

पुढच्या रविवारी हे सगळं मी आईला सांगितलं. ती ज्वारी निवडत होती. मग म्हणाली, "तुला कसा दिसतो गं त्यो डोळा?"

"तुझा दिसतो," मी म्हणाले. "मी पहिल्यापासून तसाच बघितलाय."

तिनं सूप बाजूला ठेवलं, पदर सारखा केला आणि दाराकडं तोंड करून बसली. "काढ मग. पर लवकर काढ, न्हाईतर मन बदलंल माझं."

पाच फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर तिनं एकेक निरखून पाहिला. शेवटच्यावर थांबली आणि हसली. "ह्यात माझी आय दिसती."

शिक्रापुरातून त्याची मोठी प्रिंट काढून नेली. भिंतीवरची जागा आईनंच दाखवली आणि आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, खिळा ठोकला. ते खाली उतरतात न उतरतात तोच आईनं मला विचारलं, कुठलं बटण दाबायचं. कॅमेरा हातात घेऊन ती आप्पांना म्हणाली, "तुमी बसा आता हितं. आन् जरा हसा की."

त्या फोटोत आप्पांची टोपी कापली गेलीय, पण ते मोकळं हसताना आलेत. मॅडमना मी तोही पाठवला.