मी बॉल परत दिला

मंडळी, मला लिहिता येत नाही. मी बोलते आणि गाडीत पुढच्या सीटवर सूनबाई टाइप करते. आज माझ्या हातून फार मोठा घोळ झालाय.

वीकेंडला न्यूझीलंडमधल्या मुलाच्या घरून, पामर्स्टन नॉर्थहून, ऑकलंड बघायला आलो होतो. माझी नात ईरा दोन्ही दिवस बेसबॉलचा ग्लव्ह घालूनच फिरली. टॉवरवर तो, फेरीबोटीत तो, डोसा खातानाही तोच. कारण आज मॅच होती, आणि प्रेक्षकांत आलेला बॉल आपल्याला घरी नेता येतो. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं!

बॉल आला. ईराच्या ग्लव्हला लागून माझ्या पायाशी पडला. आमच्या गल्लीत बॉल परत दिला नाही तर पोरांचा खेळच थांबायचा. मी तो उचलला आणि खालच्या खेळाडूकडे दिला फेकून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडले.

मागे वळले, तर ईराचे डोळे भरलेले. "आजी, व्हाय?"

आता गाडीत माझ्या शेजारी बसून ती खिडकीबाहेर बघतेय. सॉरी म्हटलं, लाडू दिला, नवा बॉल घेऊ म्हटलं. "इट्स फाइन, आजी." सूनबाईही मला हेच म्हणते, त्यामुळे अर्थ पक्का ठाऊक आहे. टाइप कर गं, लाजू नकोस.

मंगळवारी माझं पुण्याचं विमान आहे. हे गुडघे मला पुन्हा इथे आणतील असं वाटत नाही. पोरीला अशी रुसलेली ठेवून कशी जाऊ?

ग्लव्ह तिने अजून काढलेला नाही. घर यायच्या आत सांगा, मी काय करू?