एक वाजता घरी

पॅकहाऊसमध्ये किस्से द्राक्षांच्या क्रेटसारखे साठतात. एक टेम्पो रिकामा झाला की दुसरा यायला अर्धा तास असतो. तेवढ्यात चहा येतो आणि कुणीतरी एक किस्सा मांडून जातो. त्यावर दुसरा चढतो, त्यावर तिसरा. फरक एवढाच, की द्राक्षं गारव्यात ठेवतात म्हणून टिकतात, आणि किस्से उघड्यावर राहून फुगतात. पिंपळगाव बसवंतच्या आमच्या पॅकहाऊसचं कोल्ड स्टोरेज मी सांभाळतो. फुगवण्यातही माझा हात असतो, हे आधीच कबूल करून टाकतो.

आमचे निम्मे किस्से एकाच वाक्याने सुरू होतात : "निवृत्ती जेवायला गेला होता, तेव्हा..."

*

निवृत्ती आमचा टेम्पो ड्रायव्हर. बागेतून माल आणायचा, हे त्याचं काम. बावीस वर्षांपूर्वी तो शेठकडे नोकरी मागायला आला. नुकतंच लग्न झालेलं. शेठने विचारलं, पगाराची अपेक्षा काय? हा म्हणाला, तुम्ही द्याल तो. मात्र एक ते दोन मी घरी जेवणार. गरम भाकरी, स्वतःच्या पाटावर.

घर हायवेच्या पलीकडे समोरच, पण वळसा घालून मोटारसायकलवर दहा मिनिटांचं. शेठ हसून हो म्हणाले. त्यांना वाटलं, आठ दिवसांत पोरगं ताळ्यावर येईल.

एकदा मी त्याला विचारलं, हे काय खूळ आहे रे? म्हणाला, "दादा, माझा बाप जन्मभर ट्रकवर. तो दुपारचा घरी जेवाया बसला म्हणजे आम्ही समजायचो, त्याला ताप आलाय. मी तवाच ठरवलं. मोठं नाय झालो तरी चालंल, घरी जेवायचं."

*

मग शेठने मोठा कंटेनर घेतला. माल थेट मुंबईच्या बंदरावर न्यायचा. पगार जास्त, गाडी एसी. गाडीवर हात सगळ्यांत साफ म्हणून शेठने निवृत्तीलाच बोलावलं. निवृत्तीने फक्त विचारलं, की एकच्या आत परत येता येईल का?

"विमान घेऊन देऊ का तुला?" शेठ भडकले.

निवृत्ती खरोखर विचारात पडला. म्हणाला, "विमानतळ ओझरला हाय. तिथून घर वीस मिनिटं. जमंल."

कंटेनर दुसऱ्याला मिळाला. त्या माणसाचा आता स्वतःचा बंगला आहे. निवृत्ती त्याला भेटला की अगदी मनापासून विचारतो, "दुपारी जेवतो का वेळंवर?"

*

एकदा परदेशातून खरेदीदार आला. बाग बघायची म्हणाला. शेठने निवृत्तीसोबत धाडला. बाग बघता बघता पाऊण वाजला. निवृत्तीने टेम्पो सरळ घराकडे वळवला. साहेबाला वाटलं, अजून एक बाग!

सुमनवहिनींनी, म्हणजे निवृत्तीच्या बायकोने, त्याला पाट दिला. पिठलं, भाकरी, ठेचा. साहेबाच्या डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी, तरी हात थांबेना. तीन भाकऱ्या खाल्ल्या. (चार म्हणणारेही आहेत. तो चौथी वाढवणारा मीच.) ऑर्डर पक्की झाली. पुढच्या हंगामात त्याच्या पत्रात पहिली चौकशी ठेच्याची होती, द्राक्षांची दुसरी.

हा किस्सा मी शंभर जणांना सांगितला असेल. भाकऱ्या दोघांपुरत्या केलेल्या असताना त्या दिवशी वहिनी काय जेवल्या, हे त्यातल्या एकानेही विचारलं नाही. मीही नाही.

*

देवळा गावच्या लग्नाचा किस्सा तर आमच्याकडे नव्या माणसाला पहिल्याच दिवशी ऐकवतात. लग्न वहिनींच्या सख्ख्या भाच्याचं. साडेअकराचा मुहूर्त. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, पंगतीची पानं मांडायला घेतली, आणि निवृत्तीने घड्याळ बघितलं. बायकोला मागे बसवलं आणि मोटारसायकल जी सोडली ती घराच्या दारात! एकला पाच कमी असताना हा पाटावर. वहिनी शालूतच तव्यापुढे.

आम्ही पोट धरधरून हसायचो.

*

गेल्या हंगामात सुमनवहिनी माझ्याकडे आल्या. मुलीचं लग्न झालंय, मुलगा पुण्याला आहे. म्हणाल्या, भाऊजी, मला ग्रेडिंगच्या कामाला लावा.

मी म्हटलं, कशाला वहिनी? निवृत्तीचं काही कमी पडतंय का?

"कमी नाय पडत," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षं झाली, एक वाजता मी घरी हाय. माहेरी गेले तरी बाराच्या आत परत. ह्यांनी घरी जेवायचं ठरवलं, मग मी कुठं असायचं ते आपोआप ठरलं. आमच्या गच्चीवरून तुमची शेड दिसती. दुपारी बाया डबे उघडून बसल्या अन् वारा तिकडून आला की हसणं ऐकू येतं. मला काम नकोय भाऊजी, मला तिथं बसून डबा खायचाय."

जाता जाता म्हणाल्या, "ह्यांना तुम्ही सांगा."

मी ते निवृत्तीला कोल्ड रूममध्ये नेऊन सांगितलं. आत एवढा गारठा, की आम्ही स्वेटर, कानटोपी घालून पाच मिनिटांत बाहेर येतो. हा बिनस्वेटरचा दहा मिनिटं क्रेटकडे बघत उभा राहिला. दात वाजायला लागले तेव्हा बोलला.

"दादा, मला वाटायचं तिलाबी आवडतंय."

*

वहिनी सोमवारी कामाला आल्या. डोक्याला टोपी, हातात घडातले खराब मणी काढायची कात्री. एक वाजला. बायका डबे घेऊन शेडमध्ये गेल्या. सगळं पॅकहाऊस कामाचं नाटक करत गेटकडे बघत होतं. निवृत्तीने मोटारसायकलला किक मारली. शेडकडे एकदा बघितलं आणि घरी गेला. सकाळची भाकरी झाकून ठेवलेली होती. दोनला परत आला. टेम्पो घेऊन बागेकडे निघाला.

असे पंधरा दिवस गेले. मग एका सकाळी त्याच्या बोटाला पोळल्याचा फोड दिसला. मी म्हटलं, इंजिनावर हात लागला का? म्हणाला, हो. त्याच्या नखात बाजरीचं पीठ होतं.

*

आता शेवटचा. यात मी काहीही वाढवलेलं नाही.

आमच्या बायकांच्या शेडमध्ये एक रीत आहे. डबे मधोमध ठेवायचे आणि आपल्या डब्यातलं आपण खायचं नाही. दुसरीच्याच डब्यात हात घालायचा. कुणी विसरलं तर अख्खी शेड त्या बाईला दिवसभर चिडवते.

मग एक दिवस दीड वाजताच निवृत्तीची मोटारसायकल परत आली. गेटमधून थेट शेडपाशी. बायकांनी पदर सावरले, कारण तिथं पुरुष माणूस जात नाही. निवृत्तीने शर्टाच्या आतून फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि वहिनींच्या हातात दिलं. वहिनींनी हात बदलला, इतकं ते गरम होतं.

एक म्हातारी बाई सरकून म्हणाली, "बस की रं भाऊ, खा दोन घास."

निवृत्तीने घड्याळ बघितलं. "नको मावशी. माझी अजून तव्यावर टाकायचीय." आणि गेलासुद्धा.

वहिनींनी फडकं सोडलं. भाकरी म्हणावी तर भाकरी. एका बाजूला कोळसा, दुसऱ्या बाजूला कच्ची, कड कुठे जाड कुठे फाटलेली. बायकांनी सवयीने हात पुढे केले.

सुमनवहिनींनी भाकरी पदराखाली घेतली, भिंतीकडे तोंड करून बसल्या, आणि अख्खी एकटीने खाल्ली. कुणाला तुकडासुद्धा दिला नाही.