प्रतिभाच्या गोष्टींत कुणी परत येत नाही

आमची ही पोरांसाठी कादंबऱ्या लिहिते. बारा-चौदा वर्षांच्या पोरांसाठी, आणि त्यात माणसं मरतात. चांगली मरतात, शेवटच्या पानावर उठून बसत नाहीत. मी मनमाडला रेल्वेत नोकरी केली, मला साहित्यातलं ओ की ठो कळत नाही. पण लोक मलाच अडवतात. इथे नाशिकला गंगापूर रोडवर भाजी घेताना एका बाईनं मेथीची जुडी हातात धरून मला सुनावलं, तुमच्या मिसेसचं पुस्तक वाचून आमची मुलगी जेवली नाही. मी म्हटलं, मग काय करू, डबा पाठवू?

घरी येऊन सांगितलं तर प्रतिभाला हसूही आलं नाही. "अहो, पोरांना सगळं कळत असतं," ती म्हणाली. "आपण मोठी माणसं बोलत नाही, म्हणून ती एकटी घाबरतात." शाळांमधल्या कार्यक्रमांतही ती हेच सांगायची. पालक बिथरले तरी मागे हटायची नाही. हट्टी म्हणजे हट्टी बाई.

गेल्या मे महिन्यात तिची आठ वर्षांची भाची ईश्वरी सुट्टीला आमच्याकडे आली होती. तेव्हाच तिकडे चांदवडला, त्यांच्या गावी, ईश्वरीचा मोठा भाऊ कुंदन शेततळ्यात पडला. त्या तळ्याला आतून प्लास्टिकचा कागद असतो, शेवाळला की पाय ठरत नाही. पोहता येणारं पोर, पण त्याला वर चढता आलं नाही. प्रतिभाच्या आईचा, भागुबाईंचा फोन आला. रडता रडता त्या एवढंच म्हणत होत्या, "पोरीला कळू देऊ नको."

मग घरात तसंच ठरलं. कुंदन सटाण्याला मामाकडे शिकायला गेलाय. त्याच्या आईनं अंथरूण धरलं होतं, म्हणून ईश्वरीला इथेच नाशिकच्या शाळेत घातलं. दादाला फोन लावून दे म्हणाली की मामाच्या मळ्यात रेंज नाही. आणि हे तिला रोज कोण सांगतंय, तर आमची प्रतिभा.

ती पार कामातून गेली. लिहायला बसायची आणि कोऱ्या स्क्रीनकडे बघत राहायची. घास हातात तसाच. "मी आता कुठल्या तोंडानं लिहू?" मला म्हणाली. "लोकांच्या पोरांना खरं सांगते आणि घरातल्या पोरीला फसवते." तिनं आईला फोन करून हात जोडले, मला सांगू दे म्हणून. भागुबाई म्हणाल्या, "तुझी पुस्तकं तुझ्यापाशी ठेव. लेकरू हाय ते, दचकून बसंल. सांगितलंस तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाय." प्रतिभाला माहेर म्हणजे जीव की प्राण. तिनं आईचं ऐकलं. ईश्वरीला पुन्हा तेच मामाचं सांगायला लागली.

घरातलं माणूस गेलं की आमच्याकडे वर्षभर सण नसतो. पण राखीला महेश, म्हणजे प्रतिभाचा भाऊ, आला नाही तर ईश्वरी विचारणार. म्हणून पोर गमावलेला तो बाप नवा शर्ट घालून चांदवडहून राखी बांधून घ्यायला आला. काय म्हणावं या लोकांना, मला रागही येत होता आणि रडूही.

महेश पाटावर बसला. प्रतिभानं टिळा लावला. शेजारी ईश्वरीनं आणखी एक पाट मांडून ठेवला होता.

"पप्पा, दादा?"

"सटाण्याहून गाडी नाय मिळाली त्याला," महेश खाली बघत म्हणाला.

"मग व्हिडिओ कॉल करू."

"रेंज नाय बाळा तिकडं."

ईश्वरी रडली नाही. तिनं तो पाट उचलून भिंतीला लावला आणि विचारलं, "आत्या, दादाला मी आवडत नाही का गं?"

प्रतिभानं हातातलं ताट खाली ठेवलं. "महेश, मी सांगते हिला."

"ताई, नको. आई तुला घरात घेणार नाय."

"नको घेऊ दे."

तिनं ईश्वरीला समोर बसवलं. "ईशू, दादा मामाकडे नाही. तू सुट्टीला इकडे आलीस ना, तेव्हा तो शेततळ्यात पडला. त्याला बाहेर येता आलं नाही. तो मेला. आम्ही सगळे तुझ्याशी खोटं बोललो. मीसुद्धा."

महेश पाटावरच वाकून हुंदके द्यायला लागला. मी त्याला धरलं.

ईश्वरीनं पप्पांकडे बघितलं, मग आत्याकडे. "तो फोन करत नाही म्हणून मी त्याच्याशी कट्टी घेतली होती," ती म्हणाली. "तेव्हा तो नव्हताच?"

"नव्हता."

"मग आता बट्टी कशी करू?"